नागपूरहून आलेली सात पाकिटं

आलापल्ली
२२ फेब्रुवारी

प्रिय आदेश,

जोहार. पाकिटावरचं अक्षर पाहून तुला वाटलं असेल, काकांचं पत्र आलं. बाबांचा उजवा डोळा गेला त्याला बारा वर्षं झाली, आणि तेव्हापासून त्यांची सगळी उत्तरं ह्याच अक्षरात तुझ्याकडे आली आहेत. ते सांगायचे, मी पोस्टकार्डावर उतरवायचो. हे मात्र माझं पत्र आहे, आणि ते पोस्टकार्डावर मावण्यातलं नाही. आश्रमशाळेत सहावीची चाचणी चालू आहे. पोरं माना खाली घालून भागाकार करताहेत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायच्या नावाखाली गुरुजी तुला पत्र लिहीत बसलेत. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मी कसा बोलतो ते तुला माहीत आहे, 'हो, बरं, ठीक आहे' करून मोकळा होतो. शिवाय दिवाळीत फोनवर तुझ्याशी जे बोललो, त्यानंतर तुला फोन करायला मला तोंड राहिलेलं नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी बाबांच्या डोळ्यांचं, कारण सुरुवात तिथूनच आहे. गेल्या एप्रिलमध्ये मी त्यांना चंद्रपूरला डॉक्टरकडे नेलं होतं. डाव्या डोळ्यातही तोच काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून जेवढी टिकेल तेवढी टिकवायची, वर्ष निघालं तर नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी त्यांना एकच गोष्ट विचारली, "बारीक अक्षर किती दिवस दिसन?" डॉक्टरांना वाटलं म्हातारा पोथी वाचत असेल. परतीच्या बसनं गोंडपिपरी मागे टाकलं. आष्टीच्या पुलावर वैनगंगा दिसली तेव्हा बाबा म्हणाले, "आदेशले बोलाव. दिसते तोवर एकडाव वही पाहून घेऊ. मी सांगीन, तो लिहून घेईन." त्यांना एवढंच हवं होतं. त्या वहीत चारशेच्या वर तिकिटं आणि पाकिटं आहेत, आणि कशाखालीही एक अक्षर लिहिलेलं नाही. कोणतं पाकीट कोणत्या गावाला, कोणाच्या घरी, कोणत्या साली पोचवलं, सगळं त्यांच्या डोक्यात. डोळा आहे तोवर ते कागदावर यावं, एवढीच त्यांची इच्छा.

आदेश, मी बाजूच्याच सीटवर बसलो होतो. औषधांची पिशवी माझ्या मांडीवर, त्यांची काठी माझ्या हातात, शाळेची रजा माझी गेलेली. आणि नाव घेतलं तुझं. मी म्हटलं, मी बसतो ना बाबा, मी लिहून घेतो, माझा तर धंदाच लिहायचा. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं सांगितलं, "तुले नाई जमन लालसू. तू तिकीट पाहते, पाकीट नाई पाहत." आलापल्ली येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, दोन पोरांचा बाप, आणि एका तिकिटांच्या वहीवरून जळत होतो.

जळणं काही त्या दिवशी सुरू झालं नव्हतं. तू लाकूड डेपोतल्या क्लार्कचा मुलगा, फॉरेस्ट क्वार्टरमध्ये राहणारा, पायात कापडी बूट. माझे बाबा डाकवाले, आलापल्लीहून मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या गावांना थैली घेऊन जाणारे. काठीला घुंगरू, खांद्यावर खाकी थैली. शाळा सुटली की मी नदीकडे पळायचो आणि तू आमच्या पडवीत येऊन बसायचास. ती वही तरी कुठून आली होती? तुझ्याच बाबांनी दिलेलं डेपोचं जुनं रजिस्टर, सागाच्या ओंडक्यांची मापं एका बाजूला आणि दुसऱ्या कोऱ्या बाजूला बाबांची तिकिटं. ते थकून आलेले असायचे, पायाला चिखल असायचा, पण तू दिसलास की पाय धुवायच्या आधी परातीत पाणी घेत. तिकीट पाण्यावर उताणं सोडायचं, चित्र खाली गेलं तर डिंक निघत नाही, घाई केली तर कडेचे दात तुटतात, हे सगळं त्यांनी तुला शिकवलं. मला काय दिलं? थैली. सकाळी निघताना ओढ्यापर्यंत ती माझ्या खांद्यावर असायची, तुला आठवत असेल. मी तिच्या वजनानं वाकडा व्हायचो आणि मनात म्हणायचो, ओझं मला आणि तिकिटं आदेशला.

आणि ते माडियाचं तिकीट. एक रुपयाचं, शिंगांचा टोप घातलेल्या माणसाचं. फॉरेस्ट ऑफिसच्या रजिस्टर पत्रावर आलं होतं आणि बडे बाबूंनी बाबांना काढून दिलं होतं. त्या दिवशी बाबा ते तळहातावर धरून चालत घरी आले, थैलीत टाकलं नाही. आपल्यातला माणूस सरकारच्या तिकिटावर! गोटुलात, गावाच्या बैठकीच्या जागी नेऊन त्यांनी ते सगळ्या म्हाताऱ्यांना दाखवलं. तिकीट ह्या हातावरून त्या हातावर गेलं. कोणी म्हणालं टोप चांगला आहे, कोणी म्हणालं कवड्या कमी आहेत, आणि शेवटी सगळ्यांत म्हाताऱ्यानं विचारलं, "कोणत्या गावचा हाय हा? कोणाचा पोरगा?" बाबांना सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तू तिकिटावरचं बारीक इंग्रजी वाचून सांगितलंस की हा दंडामी माडिया, बस्तरकडचा, साल एक्याऐंशी. मला वाटलं, आता झालं. पण बाबा म्हणाले, "ते तर जमातीचं नाव झालं. माणसाचं नाव काय?" तू म्हणालास, मी शोधून काढीन काका. झालं! तेवढ्या एका वाक्यावर ते तिकीट तुझं झालं. आमच्या माणसाचं तिकीट फॉरेस्ट क्वार्टरमध्ये गेलं आणि मी गोठ्यामागे जाऊन रडलो. तू ते नाव अजून शोधून काढलेलं नाहीस, हेही मी इतकी वर्षं लक्षात ठेवून आहे.

ज्योत्स्नाबाईंच्या पाकिटाचं मात्र सगळं खापर माझ्यावर आहे. तुला बाबांनी ती गोष्ट किती वेळा सांगितली असेल, तरी आज मला ती माझ्या बाजूनं सांगू दे. मुलचेऱ्याजवळच्या बंगाली गावातली ती बाई, ज्योत्स्ना मंडल. पूर्व पाकिस्तानातून आलेली, सरकारनं जंगल तोडून वसवलेल्या गावात नुकती कुठे स्थिरावलेली. एकाहत्तर साली तिकडे पुन्हा पेटलं आणि तिचा धाकटा भाऊ मागे अडकला. जिवंत की मेलेला, काही पत्ता नाही. बाबा गावात शिरले की ती रस्त्यावर येऊन उभी राहायची, काही विचारायची नाही, थैलीकडे बघायची. आणि एक दिवस रायपूरजवळच्या माना कॅम्पातून त्याचं पाकीट आलं. वर नेहमीचं तिकीट, आणि शेजारी पाच पैशांचं जास्तीचं, शरणार्थ्यांच्या मदतीसाठी त्या काळात सगळ्यांना लावावं लागायचं ते. बाबा म्हणत, "ज्याच्यासाठी तिकीट काढलं, त्यालेच लावा लागलं पाह्य." तिनं पत्र वाचलं, ते छातीशी धरलं आणि रिकामं पाकीट बाबांच्या हातात दिलं, "तुमी ठेवा दादा, तुमी आनलं." बाबांनी ते तसंच्या तसं ठेवलं. सोळा वर्षं.

मी दहा वर्षांचा होतो. बाबा थैली घेऊन गेले होते, तू मामाच्या गावाला. मला वाटलं, आज मी दाखवतो की मलाही येतं. परात घेतली, पाणी घेतलं, आणि वहीतलं सगळ्यांत जपून ठेवलेलं पाकीट काढून त्यात बुडवलं. निळी शाई पाण्यात पसरली, त्या भावानं लिहिलेलं बहिणीचं नाव विरघळलं, पण माझं लक्ष तिकिटांकडे होतं. ती दोन्ही किती सुंदर सुटली! एकही दात तुटला नाही. मी ती वर्तमानपत्रावर वाळवली आणि बाबा येताच त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पाहिली आणि विचारलं, "पाकीट कुठी हाय?" शेणखड्ड्यात, म्हटलं. ते तसेच उठले आणि खड्ड्यातून तो लगदा काढून आणला. माना कॅम्पाचा शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा त्या लगद्यावर. मागच्या बाजूला मुलचेऱ्याचा पोचल्याचा शिक्का होता, तो दिसेनासा झालेला. त्यांनी मला मारलं नाही, ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी तू आल्यावर चिमटा तुझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पान्यातलं काम आता आदेशच करन." मला दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं झालं असतं रे. मार विसरून गेलो असतो.

मग तुझ्या बाबांची बदली झाली, तू नागपूरला गेलास, बँकेत लागलास. मला वाटलं सुटलो. पण तुझी पत्रं सुरू झाली, दर महिन्याला एक, पाकिटावर मुद्दाम निवडून लावलेली नवी तिकिटं. कधी पक्षी, कधी किल्ला, कधी कुठल्याशा राज्याचा नाच. 'जंगलातली डाक' म्हणून तुझं प्रदर्शन झालं, रौप्यपदक मिळालं, पेपरात फोटो आला आणि त्यात तू म्हणालास, हे सगळं मी पोचू मडावी ह्या डाकवाल्याकडून शिकलो. सगळ्या गावानं तो पेपर वाचला. बाबांनी कात्रण वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं. मी कपाट शोधून पाहिलं, मला तालुक्यात आदर्श शिक्षक म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं होतं ते आमच्या सौ. दुर्गानं उंदरांपासून वाचवायला ट्रंकेत टाकलं होतं. तुझी पत्रं वाचून दाखवायचं काम माझं आणि उत्तरं लिहायचं कामही माझंच. एक गंमत सांगू? बाबा सांगायचे, 'तुझी लई आठवण येते.' मी लिहायचो, 'तुझी आठवण येते.' तो 'लई' मी बारा वर्षं खाल्ला. इतका मी कोता माणूस आहे. आता खाल्लेले सगळे 'लई' एकदम पाठवतो, मोजून घे.

चंद्रपूरहून आल्यावर बाबांनी दोनदा विचारलं, आदेशला लिहिलंस का. मी हो म्हटलं. लिहिलं नव्हतं. जूनमध्ये तुझं पत्र आलं. कोलू, आमच्याकडचा आताचा डाकवाला, त्यानं ते फाटकाशी माझ्या हातात दिलं, आणि मी ते शर्टाच्या आत घालून शाळेत नेलं आणि नकाशांच्या मागे कपाटात ठेवलं. वाटलं, एवढंच एक. जुलैचंही तिथेच गेलं. ऑगस्टचंही. उघडलं एकही नाही, शपथेवर सांगतो. डाकवाल्याचा पोरगा आहे, दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडणार नाही. फक्त लपवणार. माझ्या ह्या सोवळेपणाचं मला तेव्हा हसूही आलं नाही. दुर्गा विचारायची, "आदेशभाऊचं पत्र काऊन नाई येऊन राह्यलं?" मी म्हणायचो, कामात असेल. बाबांना फोनवर काही ऐकू येत नाही, तेव्हा तोही धोका नव्हता. ते सकाळचं ऊन आलं की पडवीत वही उघडून बसायचे, भिंग डाव्या डोळ्याला लावून, एकटेच. एकेक पान फार वेळ बघत. मी शाळेत जाताना त्यांच्या समोरूनच जायचो.

मग दिवाळीत तुझा फोन आला. काका उत्तर का देत नाहीत, बरे आहेत ना, चार दिवस सुट्टी आहे, येऊ का. मी काय उत्तर दिलं ते तुला पाठ असेल. बाबांची आठवण गेली आहे, म्हटलं. माणसं ओळखत नाहीत. तुझं नाव काढलं तर 'कोण आदेश' विचारतात, येऊन तुलाच त्रास होईल. तू म्हणालास, बरं, तू जप स्वतःला. हे मी बोलत होतो तेव्हा बाबा माझ्यापासून दहा हातांवर बसून तुझ्या एका जुन्या पाकिटावरचा शिक्का भिंगातून वाचत होते. आदेश, त्यांची आठवण तुझ्या-माझ्यापेक्षा चांगली आहे. माझं ते बोलणं साफ खोटं होतं. त्यानंतर डिसेंबरमध्ये तुझं एक पत्र आलं, सातवं, आणि मग काही आलं नाही.

गेल्या सोमवारी कोलू शाळेचं एक पाकीट द्यायला घरी आला. बाबा पडवीत होते. कोलूला पहिल्या दिवसांत सगळ्या वाटा बाबांनीच दाखवलेल्या, म्हणून तो थांबतो, पाणी पितो. जाता जाता सहज म्हणाला, "काका, नागपूरवाल्या भाऊचं आता काई येत नाई." आणि बाबा म्हणाले, "हो. सात आले. मंग बंद झाले." कोलू गाडीला किक मारून गेला. माझ्या हातात शाळेचं पाकीट तसंच. दर वेळी त्याची गाडी फाटकाशी थांबल्याचं बाबांनी ऐकलं होतं, महिन्याचा कोणता आठवडा आहे हे त्यांना कळत होतं, आणि नागपूरची डाक आमच्याकडे कितव्या दिवशी येते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार! मी विचारलं, बाबा, माहीत होतं तर मागितलं का नाही? ते म्हणाले, "पत्र घरातल्या मान्साच्या हाती देल्लं का पोचलं. मंग वाचलं का, कोणाले देल्लं, हे डाकवाल्यानं पुसाचं नाई. चाळीस वर्षं मी कोणाले पुसलं नाई." मला त्यांचा रागच आला. असला कसला हट्ट! घरात बसून आपल्याच पोराला नियम लावायचा! मग ते हळूच म्हणाले, "तू आणशीन म्हणून बसलो होतो."

मी सायकल काढली, शाळेत गेलो आणि सातही पाकिटं घेऊन आलो. तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. दुर्गा भात घेऊन उभी होती, तिला काही सांगितलं नाही, ती समजली आणि आत गेली. मला वाटलं बाबा म्हणतील, वाच. पण त्यांनी पहिलं पाकीट हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पहिले शिक्का सांग." शिक्का पुसट होता, मी अंदाजानं तारीख सांगितली. "अंदाज नोको, नीट वाच." मग तिकीट कोणतं ते विचारलं. मी म्हटलं, पक्षी आहे. कोणता पक्षी? निळसर आहे. त्यांनी सुस्कारा टाकला आणि पत्र वाचायला सांगितलं. सातही पत्रं अशीच वाचली. दुसऱ्यात तू विचारलंस, काका, रागावलात का. तिसऱ्यात विचारलंस, माझं काही चुकलं का. चौथ्यात तू जे लिहिलंस ते वाचताना मी अडखळलो. 'काका, तुम्ही मला तिकिटं दिलीत पण थैलीला कधी हात लावू दिला नाहीत. लालसूच्या खांद्यावर रोज द्यायचात. मी क्वार्टरच्या खिडकीतून बघायचो, आणि मला त्याचा फार हेवा वाटायचा.' बाबा म्हणाले, "सरकारी थैली हाय. दुसऱ्याच्या पोराच्या खांद्यावर कशी देऊ?" जणू त्यात काही विशेष नाही.

सातव्या पत्रात ते वाक्य होतं. 'लालसू म्हणतो, तुम्हाला आता माझं नाव आठवत नाही. हरकत नाही काका. ह्यापुढे पत्रं पाठवून तुम्हाला गोंधळात टाकणार नाही.' मी ते गाळू शकलो असतो. त्यांना काय कळणार होतं! बारा वर्षं शब्द गाळायची सवय होती. पण वाचलं, आणि कागद खाली ठेवून वाट पाहिली. वाटलं, आता तरी शिवी देतील. त्यांनी विचारलं, "हे पत्र कोणत्या तारखेचं?" मी शिक्का उन्हात धरला, ह्या खेपेला नीट वाचला. नऊ डिसेंबर. बाबा म्हणाले, "तवा मले दिसत होतं."

आता दिसत नाही, आदेश. संक्रांत झाली आणि चार-पाच दिवसांत डावा डोळा गेला. दार उघडलं तर उजेड आला एवढं कळतं, बाकी काही नाही. दिवाळीत तू आला असतास तर दिसत होतं, डिसेंबरातही दिसत होतं. ते मी घालवलं, आणि त्याची माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, कारण ती मागून डोळा येत नाही. सोमवारपासून ते रोज वही माझ्यापुढे सरकवतात. पानावर बोटं ठेवतात आणि विचारतात, इथी काय हाय. मी सांगतो, लाल तिकीट आहे, राजा आहे, पाकीट मळकं आहे. ते मान पुढे करून वाट पाहतात, अजून काहीतरी येईल म्हणून. माझ्याजवळ अजून काही नसतं. शिक्के मला वाचता येत नाहीत, साल लागत नाही, कोणत्या गावचं ते सांगता येत नाही, आणि मी ते सांगितल्याशिवाय त्यांना गोष्ट आठवायला धरायला काही मिळत नाही. काल ते म्हणाले, "राहू दे बेटा, थकला असशीन," आणि वही मिटली. तुला बोलाव असं ते आता म्हणत नाहीत, म्हणणारही नाहीत. म्हणून मी म्हणतो आहे. ये. पाकीट तू वाच, गोष्ट ते सांगतील, मी बाजूला बसून लिहून घेईन, एक शब्दही न गाळता. तुझा आवाज ऐकून त्यांचा चेहरा जसा होईल तसा तो माझ्या आवाजानं कधी झालेला नाही, हे मला माहीत आहे. मी तिथेच बसलेला असेन आणि माझ्या पोटात पहिल्यासारखंच दुखेल. दुखू दे. तू ये.

तुझाच,
लालसू